अंगणवाडीताईशी भांडून मुलांचे पोट भरणार नाही

टीएचआरची पाकिटे उशिरा आली की वस्तीतल्या आयाबाया पहिल्यांदा अंगणवाडीताईवर तुटून पडतात. राग रास्त आहे, पण दार चुकते. पाकिटे ताई बनवत नाही, त्यांचा ठेका ती देत नाही आणि गाडी कधी येणार हेही तिच्या हाती नसते.

प्रश्न मात्र गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ टक्के कमी वजनाची आढळली. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पन्नास वर्षांनंतरही हे चित्र असेल, तर काम करणाऱ्या बाईची अवस्था आपण पाहिली पाहिजे.

मुलांना शिकवणे, वजन घेणे, गृहभेटी, लसीकरणाला मदत, सर्वेक्षणे आणि वर पोषण ट्रॅकरवर रोजची नोंद, एवढे सगळे तिच्याकडे. आता टीएचआर देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. रेंज नसली की गरोदर बाई ताटकळते आणि बोलणी ताईला बसतात. या कामाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. त्यांना ग्रॅच्युइटी मिळावी, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविका बेमुदत संपावर गेल्या. संप पुढच्या महिन्यापर्यंत लांबला आणि झळ मुलांच्या ताटाला बसली. जिला स्वतःच्या कामाचा मोबदला वेळेवर मिळत नाही, ती बाळंतिणीजवळ निवांत बसून आहार समजावून कशी सांगेल?

याचा अर्थ ताईचे सगळेच माफ, असा नाही. आपल्या मुलांना वेगळे बसवणे, आपल्या वस्तीत गृहभेटीला न येणे, आईला तुसडेपणाने बोलणे, यांना कमी मानधनाची सबब चालणार नाही. तिथे तक्रार केलीच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, हा आहार उपकार नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने तो हक्क केला आहे. हक्काचा आहार मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे. तोंडी भांडू नका. तारखेसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर सहा वर्षांखालील किमान ४० मुले दाखवून ती मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तसे म्हटले आहे, आणि मागणीनंतर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे.

पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न एकत्र विचारा : गेल्या तीन महिन्यांत आहार कोणकोणत्या तारखेला आला? आणि ताईचे, मदतनिसाचे मानधन कोणकोणत्या तारखेला जमा झाले? दोन्ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. आई आणि ताई एका बाजूला उभ्या राहिल्या, तर उत्तर द्यायला अधिकाऱ्यालाच यावे लागेल.