सीमेवरचें सोनें

आपल्याकडे शरद् ऋतूचें कौतुक होतें तें चांदण्याचें आणि निवळलेल्या पाण्याचें. झाडांच्या पानांकडे या दिवसांत मुद्दाम कोणी पाहावयास जात नाहीं. अपवाद एकाच दिवसाचा, विजयादशमीचा. त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं घरांतील लहानथोर मंडळी वेशीबाहेर जातात, शमीचें पूजन करतात आणि आपट्याचीं पानें घेऊन परततात. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, ज्यास न्यू इंग्लंड म्हणतात तेथें, नेमक्या याच सुमारास घरेंच्या घरें बाहेर पडतात, आणि तींही पानांसाठींच. हें साम्य येथें राहावयास आल्यापासून मला गमतीचें वाटत असे. परंतु २०२४ सालीं १२ ऑक्टोबरचा दसरा शनिवारीं आला, सासूबाई आमच्याकडे होत्या, आणि त्या दिवशींच्या सहलीस निराळेंच वजन आलें.

आमचें मूळ घर बिडकीनचें. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर हें गांव लागतें. दसऱ्याच्या दिवसांत तेथें कपाशीचीं बोंडें उकलूं लागलेलीं असतात आणि तूर फुलाला टेकलेली असते. आमच्या शेताच्या बांधावर एक जुना आपटा आहे. मामंजी हयात असतां दसऱ्यास स्वतः जाऊन त्याच्या चार डहाळ्या आणीत. पांचवी कोणास तोडूं देत नसत. पुढें औद्योगिक वसाहतीसाठीं जमिनी संपादित झाल्या, त्यांत बांधाच्या अलीकडचें शेत गेलें. पलीकडचे दोन एकर उरले. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं, म्हणजे त्या दसऱ्याच्या तेराच दिवस आधीं, ७,८५५ एकरांच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचें लोकार्पण पंतप्रधानांनीं केलें, आणि उरलेल्या तुकड्यास गिऱ्हाइकें येऊं लागलीं. भावजींच्या थोरल्या मुलीस वैद्यकीय शिक्षणास घालावयाचें होतें. पैसा हवा होता. सातबाऱ्यावर दोघां भावांचीं आणि सासूबाईंचें अशीं तीन नांवें असल्यानें त्यांनीं संमतिपत्राचा मसुदा इकडे पाठविला. सासूबाईंनीं तो एकदां वाचून खणांत ठेवला, आणि त्याविषयीं चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही बोस्टनजवळ राहतों. पहाटे निघून उत्तरेस न्यू हॅम्पशर राज्यांतील लिंकन या गांवीं दहाच्या सुमारास पोहोंचलों. तेव्हां बिडकीनास सायंकाळचे साडेसात झाले होते. जाऊबाईंनीं मोबाईलवर देवापुढचें सोनें दाखविलें. सासूबाईंनीं चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "हीं आपल्या झाडाचीं नव्हेत. हा कांचन आहे." खरेंच होतें, बाजारांत आपटा म्हणून पुष्कळदां कांचनाचींच पानें विकतात, तीं आकारानें मोठीं असतात. बांधाकडे जाणारी वाट कामामुळें बंद आहे, म्हणून विकत आणलें, असें भावजी म्हणाले. "आणि झाड?" "आहे अजून, आई."

लिंकनपासून कॉनवेपर्यंत साडेचौतीस मैलांचा कँकामेगस रस्ता डोंगरांतून जातो. घाटमाथा २,८५५ फुटांवर आहे. वाटेंत खानावळ नाहीं कीं पेट्रोलपंप नाहीं. येथील कित्येक मंडळी बिस्किटांवर दिवस काढतात; आम्हीं तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड नेलें होतें, आणि सणाच्या दिवशीं याहून कमी नेणें मला तरी पटत नाहीं. डोंगरांच्या उतरणी पिवळ्या, नारिंगी, तांबड्या झालेल्या होत्या. मुलीनें कारण विचारलें. पिवळा रंग पानांत उन्हाळाभर असतोच, हरितद्रव्याच्या आड तो दिसत नाहीं इतकेंच. दिवस लहान झाले कीं हरितद्रव्य विरतें आणि पिवळा उघडा पडतो. मेपलचा तांबडा मात्र नवा असतो, पानांत कोंडलेल्या साखरेपासून याच दिवसांत तो तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्रीं गोठणार नाहीं इतपत थंडी मिळाली तर तो विशेष खुलतो.

रस्त्यास ज्याचें नांव आहे तो कँकामेगस हा पेनाकूक लोकांचा नायक. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वसाहतवाल्यांशीं झगडून शेवटीं तो आपल्या माणसांसह उत्तरेस निघून गेला. हें यजमान सांगत असतां सासूबाईंनीं मध्येंच विचारलें, "मग हीं झाडें त्याच्या वेळचीं का?" तशीं तीं नव्हेत. एकोणिसाव्या शतकांत लांकडाच्या व्यापाऱ्यांनीं या डोंगरांवर बेसुमार तोड केली होती. १९११ सालीं वीक्स कायदा झाला, त्यान्वयें सरकारनें जमिनी विकत घेतल्या, आणि १९१८ मध्यें येथें राष्ट्रीय अरण्य स्थापन झालें. "सरकार झाडांसाठींही जमीन घेतें तर!" एवढेंच त्या बोलल्या.

घाटमाथ्यावर जेवण झाल्यावर त्यांनीं नातवास कौत्साची गोष्ट सांगितली. ही कथा रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत आहे. तेथें आपटा नाहीं, तो लोकांनीं मागाहून जोडला. वरतंतूंस द्यावयाच्या चौदा कोटींसाठीं कौत्स रघूकडे आला, कुबेरानें त्याहून कितीतरी अधिक सोनें पाडलें, रघु तें सगळें न्या म्हणतो आणि कौत्स अधिक घेत नाहीं. सहा वर्षांच्या मुलास हें अजिबात पटलें नाहीं. "उरलेलें कां नाहीं नेलें?"

"त्याला जेवढें द्यायचें होतें तेवढेंच त्याला हवें होतें, बाळा."

त्यावर त्यानें खालचें एक तांबडें पान उचलून आजीच्या हातांत दिलें आणि वांकून नमस्कार केला. आपट्याचें पान दोन दळांचें, हें पांच बोटांचें. त्यास सोनें म्हणावें कीं नाहीं यावर परदेशांतील मंडळांत वाद होतात. मला ते निरर्थक वाटतात. सासूबाईंनीं पान घेतलें, "सोन्यासारखा राहा" म्हणाल्या आणि पदराच्या टोकांत बांधलें.

त्या रात्रीं दिवा लावून झाल्यावर त्यांनीं यजमानांस खणांतला मसुदा आणावयास सांगितला. दोन एकर विकावयाचे नाहींत; मुलीच्या शिक्षणास एका एकराचे पैसे पुरतील, तेवढाच द्यावा, आणि तोही बांधापासून दूरचा, असें त्यांनीं स्वतः फोन करून भावजींस सांगितलें. गिऱ्हाइकास रस्त्याकडची, म्हणजे बांधालगतचीच बाजू हवी होती. भावजी त्या रात्रीं बरेच रागावले, आणि त्यांचा राग अगदींच अवाजवी होता असें मी म्हणणार नाहीं. दूरच्या एकरास भाव कमी आला. प्रवेशाच्या वर्षीं राहिलेली रक्कम आम्हीं येथून पाठविली.

नोव्हेंबरांत सासूबाई परत गेल्या. मोजणी उन्हाळ्यांत झाली, आणि खुणेचा दगड आपट्यापासून चांगला लांब बसला. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरास आला. त्या दिवशीं भावजी वळसा घालून बांधावर गेले आणि डहाळ्या घेऊन आले, असें जाऊबाईंनीं कळविलें. किती आणल्या, तें विचारावयाचें राहून गेलें.