टाळ मुलांच्या हाती द्या

गोमंतकातील कित्येक देवळांत हल्ली सायंकाळी एक विचित्र दृश्य दिसते. गाभाऱ्यात निरांजन ओवाळले जात असते, सभामंडपाच्या कोपऱ्यात विजेवर चालणारे यंत्र नगारा बडवीत व घंटा हालवीत असते, आणि भाविक हात जोडून मुकाट उभे असतात. त्यांच्यासमवेत आलेली लहान मुलेही नुसतीच उभी असतात. त्यांच्या हातांना काम नाही, कंठालाही नाही. ह्या यंत्राला आमचा विरोध आहे. आणि तो जुन्याच्या हौसेपोटी नसून ह्या मुलांसाठी आहे.

यंत्राचे कैवारी म्हणतात की, ते वेळेवर वाजते, त्याचा ठेका चुकत नाही; आणि वाजविणारी माणसे आता मिळतात कोठे? आम्ही उलट विचारतो, ती मिळावीत तरी कशी? चौथ्या-पाचव्या वर्षी ज्याच्या हाती आपण झांज दिली नाही, तो विसाव्या वर्षी घुमट मांडीवर घेईल, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने धरावी? माणसे नाहीत म्हणून यंत्र आले, हे अर्धेच सत्य होय. यंत्र आले म्हणून माणसे घडेनाशी झाली, हे उरलेले अर्धे.

आरतीत मुलाला काय लाभते, ते चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ आणि कासाळे ह्यांचा मेळ जमतो तेथे पाहावे. मूल प्रथम मोठ्यांच्या हातांकडे टक लावून बसते, मग स्वतःच्या मांडीवर थाप मारू लागते, आणि एके दिवशी कोणी तरी त्याच्या हाती झांज देतो. ठेका धरावयाचा तर त्याला दुसऱ्याचे ऐकावे लागते. समेवर यावयाचे तर थांबावे लागते. लयीत म्हणताना अवघड जोडाक्षरेही जिभेवर सुटी होतात. कान, हात, जिव्हा आणि स्मरण ही चारही एकाच वेळी कामास लागतात. शिवाय आपल्यावाचून हा मेळ अपुरा आहे, ही जाणीव त्यास होते, ती वेगळीच.

हे केवळ भाविकांचे बोलणे नव्हे. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुले, तोच खेळ संगीतावाचून खेळलेल्या मुलांपेक्षा, नंतर एकमेकांच्या साहाय्यास अधिक धावली. ह्याउलट, मोझार्टचे संगीत नुसते ऐकविल्याने मुले बुद्धिमान होतात, अशी आवई १९९३ सालच्या एका प्रयोगावरून उठली. तो प्रयोग मुळी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील होता, आणि त्यात दिसलेला परिणाम काही मिनिटेच टिकला. तेव्हा ध्वनिवर्धकावर अभंग लावून ठेवला की मुलांवर संस्कार झाले, ह्या भ्रमात कोणी राहू नये.

एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ह्या थोर गायिका गोमंतकाच्या कलावंत समाजातून आल्या. ह्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गाणे जागते ठेवले. आपण ते ऐकले, आणि गाणाऱ्यांस मात्र हीन लेखले. सेवा दुसऱ्याने करावी व आपण पाहावे, ही आपली जुनी खोड आहे. पूर्वी त्या जागी माणूस होता, आता यंत्र आहे, इतकाच फरक.

२०१९ साली घुमटास गोव्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. परंतु वारसा हा हातातून हाती जावा लागतो. म्हणून देवस्थानांच्या महाजनांस आमचे सांगणे आहे : आरतीच्या वेळी यंत्र बंद ठेवा. लहान झांजांचे दहा जोड मंडपात ठेवा, आणि ते मुलांस तसेच मुलींसही द्या. गावातील जाणत्या वादकास मानाने बोलावून आठवड्यातून एक घटका मुलांपाशी बसवा. भजनी सप्ताहात एक तरी पाळी मुलांची असू द्या.

ठेका चुकेल, आणि चुकला तरी बिघडत नाही. देवाने आजवर अनेक बेसूर आरत्या गोड मानून घेतल्या आहेत. मुक्या मुलांची आरती मात्र त्यास गोड लागेल, असे आम्हांस वाटत नाही.