पासवर्ड आहे की!

सेतूत, महा-ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर जरा जपून, असं कुणी म्हटलं की उत्तर तयार असतं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? दुकानदार गावचाच, सातबारा तर तसाही कुणालाही बघता येतो, आणि फाईलला पासवर्ड असतोच की. खासगीपणा हे पुण्या-मुंबईचे चोचले. जत-आटपाडी, माण-खटावच्या माणसाला दाखला वेळेत मिळाला म्हणजे झालं. हे सांगणारे बहुधा घरच्या लॅपटॉपवर बसून सांगतात, ते असो.

पासवर्डाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच सर्वांत छातीठोकपणे मांडला जातो. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. हे गुपित नाही, सरकारनेच जाहीर सांगितलेलं आहे. आता दुकानात काय घडतं ते पाहा. ओटीपी येतो, तो मोठ्याने वाचला जातो, मागच्या रांगेचीही सोय होते. फाईल उतरते ‘डाउनलोड्स’मध्ये. प्रिंट निघते, पैसे देऊन माणूस एसटी गाठतो आणि फाईल राहते तिथेच. तिच्या शेजारी त्याच अर्जासाठी स्कॅन केलेला शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर पूर्ण नाव आणि जन्मतारीख. पलीकडे बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. कुलूप आणि किल्ली एकाच फोल्डरमध्ये, तर चोराला अक्कल कशाला लागते? इनकॉग्निटो उघडून निर्धास्त होणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की खिडकी बंद केल्यावर पुसला जातो तो पानांचा इतिहास. उतरवलेली फाईल जागची हलत नाही. डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. आणि दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम संगणकात असेल, तर इनकॉग्निटोची त्याला काडीचीही अडचण नाही. कामधंद्यासाठी परमुलखात असलेल्या विट्याकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याची तर आणखी पंचाईत. त्याने गावच्या केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागद फोनमध्ये राहतात आणि व्हॉट्सॲप वेबमधून संगणकावरही उतरतात. पुसले की नाही, हे त्याला तिकडून दिसणार कसं?

दुकानदार ओळखीचा असेल, पण त्याच खुर्चीत बसणारा प्रत्येक पोऱ्या आणि संगणक दुरुस्तीला नेणारा माणूस ओळखीचा नसतो. सातबारा खुला आहे म्हणून बाकीचे कागदही खुले, असं मानणाऱ्यांनी आपलं पासबुक स्वारगेटला चिकटवून यावं.

राहिला चोचल्यांचा आरोप. तो जुनाच आहे. खासगीपणा ही उच्चभ्रूंची चिंता, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही झाला होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळून खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारी कारभाराला मात्र या प्रश्नाची ओळख एकाच बाजूने आहे. सायबर कॅफेच्या 2011 च्या नियमांत ग्राहकाचं ओळखपत्र तपासायचं, वर्षभर नोंदी ठेवायच्या, आडोसा साडेचार फुटांहून उंच नको, इतका बारकावा आहे. ग्राहकाने काय केलं हे कळायलाच हवं. ग्राहकाच्या कागदाचं पुढे काय झालं, याची एवढी हौस नाही. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून सांगून पाहिलं, की सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणं टाळा, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं आणि लोकांना ‘नेहमीची खबरदारी’ घ्यायला सांगितलं. नेहमीची म्हणजे कोणती, हे गुलदस्त्यात.

करायचं ते फार नाही. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं. ओटीपी आणि पासवर्ड स्वतः टाकावा, उठण्याआधी लॉगआउट करावं, फाईल शिफ्ट-डिलीटने आपल्यासमोर पुसायला लावावी. आधारचं बायोमेट्रिक एरवी लॉक ठेवावं, कारण अंगठ्यावर पैसे काढायला ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक लावावा. यावर केंद्रचालक म्हणतील, शेवटच्या तारखेला सर्व्हर रखडलेला आणि दारात रांग, फाईल पुसत बसायला सवड कुणाला? तक्रार खरी आहे. मग संध्याकाळी शटर ओढण्याआधी अख्खं फोल्डर, रिसायकल बिनसह, रिकामं करावं. त्याला सर्व्हर लागत नाही.