बालगोपाळांची कोशिंबीर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर एक न दिसणारी दोरी बांधली जाते. दोरीच्या आत चकलीचा सोऱ्या, अनारशाचे पीठ, तळणीची कढई आणि घामाघूम झालेली आई. दोरीच्या बाहेर सुटी लागलेली मुले. "इकडे येऊ नका, तेल उडेल," हा एकच हुकूम सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. मुले मग कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात, आणि आपणच शेजारणीला सांगतो, की हल्लीच्या मुलांना घरातल्या कामाची म्हणून गोडी नाही!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आमच्या गल्लीतल्या सात मुलांना बटाट्याची कोशिंबीर करायला शिकवली. चकली नव्हे, शंकरपाळे नव्हे, कोशिंबीर. ऐकणाऱ्याला हसूच येते. त्यात काय शिकवायचे, असे दोघी-तिघींनी मला तोंडावर विचारले. पण पाच ते बारा वर्षांच्या मुलाला विस्तवाला हात न लावता करता येईल आणि खाऊन पोटाला आधारही होईल, असे पदार्थ तुम्हीच बोटांवर मोजून पाहा. एका हाताची बोटे पुरतील. भेळ आहे म्हणाल, पण भेळेने जीभ शांत होते, पोट नव्हे.

हे पोटाचे मी उगाच म्हणत नाही. सातांपैकी एक मुलगी आठ वर्षांची. तिची आई कामावरून संध्याकाळी सातला येते. शाळा सुटल्यापासून तोवर ही आणि तिचा धाकटा भाऊ बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढतात. गॅस पेटवायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद, आणि ती योग्यच आहे. आई सकाळी चार बटाटे उकडून ठेवू शकते. पुढचे मुलीला आले तर बिस्किटाचा पुडा कपाटातच राहील. माझा सारा खटाटोप मुख्यतः तिच्यासाठी होता. बाकीची सहा मुले तिच्या सोबतीला.

परंतु बटाटा म्हटल्याबरोबर आमच्या गावात एक प्रश्न उभा राहतो, तो पुण्यामुंबईच्या भगिनींना कदाचित सुचणार नाही. जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने वसवलेले गाव. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरची ही व्यापारी पेठ. सरळ आखलेल्या गल्ल्या, आणि त्यांना नावापेक्षा नंबरच अधिक. बाहेरच्या लोकांना गाव माहीत असते ते दिवाळीच्या सुमाराला भरणाऱ्या ऊस परिषदेमुळे. पण गल्लीत राहणाऱ्याला ते माहीत असते शेजाऱ्यांमुळे, आणि या शिरोळ तालुक्यात जैन शेजार नाही अशी गल्ली विरळा. त्यांपैकी काही घरांत बटाटा फक्त पर्युषणात वर्ज्य, काही घरांत चातुर्मासभर, तर काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याच्या आत आलेलाच नाही. जमिनीखाली वाढणारे कंद खायचे नाहीत. एका कंदात अनंत जीव, असा त्यांचा धर्मविचार.

समोरच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा अशा तिसऱ्या प्रकारच्या घरातला. तो आमच्या ओसरीवर रोज येतो. त्याला 'तू उद्या येऊ नकोस' म्हणणे मला जमणार नव्हते, आणि इतर सहांना खाताना पाहत बसवणे तर त्याहून वाईट. मी सरळ त्याच्या आजीकडे गेले. गल्ली त्यांना अक्का म्हणते. अक्कांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पोराला पाठवते. पण सुरी निराळी, पातेलं निराळं. तुम्ही शब्द देताय म्हणून." मी शब्द दिला. त्यांनीच पुढे सुचवले, की कच्ची केळी उकडून घ्या, आमच्याकडे बटाट्याच्या जागी तीच चालतात. कच्च्या दह्यात डाळीचे काही पडता कामा नये, म्हणून फोडणीत उडदाची डाळ नको. आणि आलेही नको, तेही कंदातच आले. दाण्याचे कूट त्यांच्या घरी चालते. पण हे घरोघर वेगळे असते, तेव्हा आपल्या शेजारी विचारून घ्यावे, गृहीत धरू नये.

आता बटाट्याकडे वळू. बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि नावही त्यांचेच घेऊन आला. आज त्याच्यावाचून आपला उपासही पार पडत नाही! दिवाळीला बाजारात मिळणारा बटाटा बहुधा शीतगृहातून निघालेला असतो. थंडीत राहून त्यातल्या पिठाची थोडी साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो. चार-आठ दिवस टोपलीत, उजेड न लागेल अशा जागी, मोकळा ठेवला तर ही गोडी बरीच कमी होते. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा मात्र मुलांच्या कामाला घेऊ नये. त्या हिरव्या भागात आणि कोंबांत विषारी द्रव्य असते, आणि ते शिजवूनही जात नाही. मी मुलांसमोर टोपली उपडी केली आणि हिरवे, कोंब फुटलेले, सुरकुतलेले असे बटाटे त्यांनाच निवडायला लावले. यात अर्धा तास गेला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बाजारात पिशवी धरून उभे राहणाऱ्या मुलाला पुढे जन्मभर हे पाहायची सवय राहते.

उकडण्याचे काम मोठ्यांचे. सारख्या आकाराचे बटाटे सालीसकट, गार पाण्यात घालून चढवावेत, म्हणजे आतबाहेर सारखे शिजतात. चिरून उकडले तर पाणी पितात आणि कोशिंबिरीचा गिचका होतो. कच्ची केळीही सालीसकटच, पण निराळ्या पातेल्यात. ती बटाट्यापेक्षा लवकर होतात, साल काळपट पडली आणि सुरीचे टोक सहज आत गेले की उतरवावीत. दोन्ही पुरती निवू द्यावीत. घाई केली तर मुलांची बोटे पोळतात आणि फोडीही मोडतात.

प्रमाणाबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण मुलांना शिकवताना आपले सगळ्यात जास्त तिथेच अडते. आपण बायका 'चवीपुरते मीठ' म्हणतो. चव म्हणजे किती, हे आठ वर्षांच्या मुलीने कसे ओळखावे? सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घराघरांत गेले, त्याचे एक मोठे कारण हेच, की त्यांनी माप वाटी-चमच्याचे दिले. नव्या सुनेला जो आधार वाटला तोच मुलांनाही वाटतो. म्हणून मी एक वाटी आणि एक चहाचा चमचा ओसरीच्या मधोमध ठेवला आणि बजावले, की याखेरीज दुसरे माप नाही. चार मध्यम बटाट्यांना दीड वाटी दही, चार चमचे दाण्याचे कूट, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर (बटाटा गोडसर असेल तर अर्धाच), मूठभर कोथिंबीर. हिरवी मिरची एकच, आणि ती मोठे दोन तुकडे करून, म्हणजे लहानांना काढून टाकता येते. केळ्याच्या कोशिंबिरीला अर्धी वाटी दही जास्त घ्यावे. केळे कोरडे असते, दही शोषून घेते.

बसण्याची व्यवस्था अशी: जमिनीवर सतरंजी, प्रत्येकापुढे एक ताट. सांडेल ते ताटात सांडते, आणि मग 'सांडू नको' म्हणत राहावे लागत नाही. पाच वर्षांच्या दोघींना साली काढायला दिल्या. निवलेल्या बटाट्याची साल लहान बोटांनी आपल्यापेक्षा सुबक निघते, हे पाहूनच खरे वाटेल. सात-आठ वर्षांच्यांना पावाला लोणी लावायची बोथट सुरी. उकडलेल्या बटाट्याला ती पुरते. विळी आणि धारेची सुरी मी त्या दिवशी नजरेआड ठेवली होती. दही घुसळायला रवी. दोन तळव्यांत रवी फिरवायची कला त्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. सगळ्यांनी आळीपाळीने ती फिरवली, आणि दही जरुरीपेक्षा पातळ झाले. त्याने काही बिघडले नाही. खलबत्ता सर्वांत थोरल्याकडे. भाजलेले दाणे कुटायचे, पण तेल सुटेपर्यंत नव्हे, हे त्याला एकदाच दाखवावे लागले.

हा थोरला सातवीतला. त्याचे वडील सायकलीवरून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "पोरग्याला कोशिंबीर शिकवून काय करायचंय आज्जी?" मी त्यांना कुंभोजची आठवण दिली. कुंभोज इथून जवळच. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म तिथे १८८७ साली, जैन घरात झाला. साताऱ्यात त्यांनी १९२४ साली वसतिगृह काढले, महात्माजींनी १९२७ साली त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एका पंक्तीला बसून जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या भाकरी थापणाऱ्या मुलांना स्वयंपाकाने कुठे कमीपणा आला? गृहस्थ हसले, सायकल भिंतीला लावून पायरीवर बसले, आणि शेवटी वाटी पुढे करणाऱ्यांत तेही होते!

चव घेण्याचा भाग मुलांना सर्वांत आवडला. आधी नुसते दही तळहातावर. मग मीठ घातलेले. मग साखर घातलेले. मीठ पडल्याबरोबर दह्याचा आंबटपणा निराळा लागतो, हे पाच वर्षांच्या मुलीने आपण होऊन सांगितले. प्रत्येकाचा चमचा स्वतंत्र, उष्टा पुन्हा पातेल्यात घालायचा नाही, हा नियम मात्र कडक ठेवावा. सगळे झाल्यावर एकाने पातेल्यात डोकावून विचारले, "आज्जी, तिखट कुठं हाय?" कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला पांढरा पदार्थ अपुराच वाटणार. त्याच्या वाटीत चिमूटभर लाल तिखट वरून टाकले, तेव्हा त्याचे समाधान झाले.

फोडणी मी केली; एक चमचा साजूक तूप, अर्धा चमचा जिरे, दोन्ही पातेल्यांत वाटून. ज्या घरात मोठे माणूस नाही, तिथे फोडणी गाळावी. तिच्यावाचून चव थोडी उणी लागते, पण भूक भागते, आणि जिरेपूड आधीच भाजून ठेवली असली तर ती वरून घालता येते.

वाट्या भरल्या. समोरच्या मुलाने आपल्या केळ्याच्या फोडी स्वतः चिरल्या होत्या, निराळ्या सुरीने, निराळ्या ताटात, आणि पातेलेही तोच राखून बसला होता. तेवढ्यात त्याच्या दोस्ताने बटाट्याचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. "खा की लेका, कोण बघतंय?" ओसरीवर एकदम शांतता झाली. सगळी मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी बोलणार, इतक्यात तोच म्हणाला, "अक्का बघत नाहीत, पण त्यांनी मला पाठवलंय न्हवं?" आणि त्याने चमचा बाजूला सारला. चमचा पुढे करणारा मुलगा जरा ओशाळला. मग त्याने आपली वाटी पुढे केली आणि केळ्याची कोशिंबीर मागितली. पाहता पाहता सातही जणांनी ती मागितली, त्यामुळे तीच आधी संपली. थोडी अक्कांसाठी काढून ठेवली होती, ती मुलगा झाकून घेऊन गेला. अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती रिकामी नव्हे. तीत शेंगदाण्याचे दोन लाडू होते.

दह्यातली कोशिंबीर लागेल तेवढीच कालवावी. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी चांगली ऊन असते. बाहेर राहिलेली कोशिंबीर आंबते आणि पाणी सोडते. आठ वर्षांच्या त्या मुलीला मी हेच सांगितले, की बटाटे आणि दही फ्रिजमध्ये वेगवेगळे ठेवायचे आणि खाताना कालवायचे. शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी तिची आई भेटली. म्हणाली, "कामावरून आले तर दोघं खाऊन अभ्यासाला बसलेली, आणि माझ्यासाठी बशीखाली वाटी झाकून ठेवलेली. मीठ जास्त झालं होतं, पण मी सगळी खाल्ली."

मीठ का जास्त झाले, ते मी मुलीला विचारले. चमचा हरवला होता, तिने मोठा चमचा वापरला. तिला आता आमच्याकडचा चहाचा चमचा देऊन टाकला आहे.

यंदाच्या सुटीत काय करायचे, म्हणून मुले आतापासून माझ्यामागे लागली आहेत. थालीपीठ ठरले आहे. थापायचे त्यांनी आणि तव्यापाशी मी बसायचे. भाजणी तयार आहे. कांदा घालायचा की काकडी, यावर गल्लीत अजून एकमत झालेले नाही.