पावणेदोन इंचातली आग



जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. धर्माबादेत पावसाचा थेंब नव्हता. आमच्या कार्यालयाच्या ओट्यावर दाखल्यासाठी पोरे आणि त्यांच्या आया सकाळपासून बसलेल्या. संगणक काही पुढे सरकेना. ‘नेट स्लो आहे’ असे सगळे सांगत होते, मीही तेच सांगत होतो. दुपार टळली, एका माउलीची मजुरी बुडाली.

खरे दुखणे मागच्या खोलीत होते. तिथे कपाटात एक चपटा सर्व्हर आहे, मागची बाजू भिंतीला चिकटवून ठेवलेला. त्याचे पंखे भोंग्यासारखे ओरडत होते. आमच्या शिपाईमामांना दया आली. त्यांनी सर्व्हरचे झाकण काढले आणि समोर टेबलफॅन लावला. यंत्र आणखीच तापले! नांदेडहून आलेल्या तंत्रज्ञ मुलाने पहिले काम काय केले, तर झाकण परत लावले. मी चकित झालो. मग त्याने जे समजावले ते तुम्हालाही सांगावेसे वाटते, कारण आज आपले दाखले, सातबारा, बँकेची पासबुके, सगळे अशाच कपाटांत आहे.

हा सर्व्हर १९ इंची चौकटीत बसतो आणि त्याची उंची अवघी पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटर. आत दोन प्रोसेसर. आजचा एक दमदार प्रोसेसर २०० ते ३५० वॅट वीज खातो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. घरची इस्त्री साधारण ७५० वॅटची असते. म्हणजे बंद डब्यात चालू इस्त्री ठेवल्यासारखेच झाले. मोठ्या कपाटात असे चाळीस डबे एकावर एक रचतात.

मोटारसायकलच्या इंजिनाला जशा पात्या असतात, तशा तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्या प्रोसेसरवर बसवतात. मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो, तो वाळला की उष्णता अडकते. उंची नसल्यामुळे पंखे ४० मिलिमीटरचे, पिटुकले. पुरेशी हवा ढकलायची तर ते मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्या घेतात. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला वीज आठपट लागते. झाकण म्हणजे नुसते झाकण नव्हे, तो हवेचा बोगदा आहे. हवा पुढून शिरते, पात्यांमधून जाते आणि मागून निघते. झाकण काढले की ती वरच्यावर निसटते, पात्यांपर्यंत पोचतच नाही. आणि मागे भिंत असेल तर गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते.

मग प्रोसेसर काय करतो? जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडच्या मिरचीच्या कांडपवाल्याला हे सांगायला नको. यंत्र तापले की मिरचीचा रंग जातो, म्हणून तो शहाणा माणूस यंत्र दमाने चालवतो. आमचे ‘नेट स्लो’ ते हेच होते.

एका मर्यादेपुढे हवा पुरत नाही. ट्रॅक्टरला रेडिएटर लागतो तसेच हे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याच सी-डॅकचा ‘परम ब्रह्म’ २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसला, तो पाण्याने थंड होतो. नळीतून आलेले पाणी प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्टीतून फिरते आणि उष्णता घेऊन जाते. तेवढ्याच हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते.

पाणी म्हटले की मराठवाड्याच्या माणसाचे कान टवकारतात, आणि टवकारलेच पाहिजेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. नळीतले पाणी बंद चक्रात तेच ते फिरते, त्याची फारशी नासाडी नाही. पण ती उष्णता बाहेर टाकायला कूलिंग टॉवर असेल, तर तिथे पाणी वाफ होऊन उडते आणि रोज नवे भरावे लागते. उद्या आपल्या भागात कोणी डेटा सेंटर आणतो म्हणाला, तर नोकऱ्या किती याबरोबर पाणी कुठले हेही ग्रामसभेत विचारावे.

नोकऱ्यांवरून आठवले. आयटीआयचा फ्रिज-एसी दुरुस्तीचा ट्रेड घ्यायला आपली पोरे नाखूष असतात, ‘कॉम्प्युटरच पाहिजे’ म्हणतात. अरे, कॉम्प्युटरवाल्यांना या ट्रेडवाचून एक दिवस निघत नाही! तो नांदेडचा मुलगा आधी एसी दुरुस्तच करीत होता.

आमचा सर्व्हर आता भिंतीपासून दोन हात पुढे आहे आणि कपाटाचे दार काढून ठेवले आहे. खोलीच्या एसीचा प्रस्ताव मी स्वतः टाईप करून पाठवला. तो अजून मंजुरीच्या टेबलावर आहे.