घरी सोडल्यानंतरचे दहा दिवस

लघवीच्या जागेची चामडी मागे सरत नाही, लघवी करताना पुढे फुगा येतो, वरचेवर सूज येऊन आग होते. डॉक्टर याला फायमोसिस म्हणतात आणि इतर उपाय थकले की सुंता करायला सांगतात. ऑपरेशन लहान असतं, बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवी अडणं हे त्रास होतात ते बहुतेकदा घरी परतल्यावर. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात ऑपरेशन झालेला नरखेड तालुक्यातला मुलगा तोवर मोवाडला किंवा जलालखेड्याला पोचलेला असतो, सर्जनपासून बराच दूर. म्हणून या ऑपरेशनची जबाबदारी टाके घालून संपत नाही, पुढच्या दहा दिवसांचं नीट सांगणं हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट. लहान मुलाची चामडी मागे न सरणं हा बहुतेक वेळा आजारच नसतो. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची अनेक वर्षं तपासणी करून ऑस्टर यांनी 1968 साली दाखवलं की सहा-सात वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे 8 टक्के होतं आणि सोळा-सतराव्या वर्षी ते 1 टक्क्यावर आलं. त्रास असला तरी डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम चार ते आठ आठवडे लावून बऱ्याच मुलांची चामडी सैल होते. आंघोळ घालताना ती जोराने मागे ओढणं मात्र घातक आहे, कारण चिरा पडतात, व्रण धरतो आणि नसलेला आजार तयार होतो. चामडीला पांढरट, कडक कडं धरलं असेल, तर सहसा ऑपरेशनच करावं लागतं. मोठ्या माणसाला हा त्रास नव्याने सुरू झाला, तर आधी रक्तातली साखर तपासावी, कारण मधुमेह तिथेच पहिल्यांदा उघड होऊ शकतो.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवसाची काळजी रक्ताची. पट्टीवर चार थेंब दिसले तर घाबरू नये, पण रक्त येत राहिलं तर स्वच्छ गॉज दहा मिनिटं न उचलता घट्ट धरावं. तरीही थांबलं नाही तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बारा तासांत लघवी झाली नाही किंवा टोक काळं-निळं पडलं, तरीही तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोंडावर पिवळसर पापुद्रा दिसतो आणि घरचे हादरतात. तो बहुधा पू नसतो, जखम भरतानाचा थर असतो. तो खरवडणं, त्यावर हळद दाबणं, मेडिकल स्टोअरमधून मनानेच ट्यूब आणणं, यातून नुकसानच होतं. ताप, वाढत जाणारी वेदना, मुळाकडे पसरणारी लाली आणि दुर्गंधी ही संसर्गाची चिन्हं आहेत. सूज साधारण दोन आठवडे राहते, विरघळणारे टाके दोन-तीन आठवड्यांत गळतात. मुलाने तोवर सायकल चालवू नये. संत्र्याच्या तोडाईत कॅरेट उचलणाऱ्याने डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबावं, आणि शरीरसंबंध चार ते सहा आठवडे टाळावेत.

एवढं सांगून लोकांना उगाच भीती घालता, असं कोणी म्हणेल. वाइस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली सुंतेवरच्या जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. वर्षापेक्षा मोठ्या मुलांत गुंतागुंतीचं मध्यक प्रमाण सुमारे 6 टक्के निघालं आणि गंभीर त्रास फारच विरळ. म्हणजे धोका कमी आहे, हे खरंच. पण किरकोळ रक्तस्राव आणि जिवावरचा रक्तस्राव यांत फरक पडतो तो पुष्कळदा उशिरामुळे, आणि काय पाहायचं हे ठाऊक नसलं की उशीर होतोच.

आणखी एक अडथळा लाजेचा आणि धर्माचा. सुंता म्हटलं की हिंदू घरांत कुजबुज सुरू होते, मुलगा महिनोन्महिने त्रास सोसतो, आणि ऑपरेशन झालंच तर शेजाऱ्याला कळू नये म्हणून जवळचा दवाखानाही टाळला जातो. हा आजार कोणत्याच धर्माचा नाही. सुश्रुतसंहितेत त्याचं निरुद्धप्रकश या नावाने वर्णन आहे, आणि तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरत मार्ग रुंदावण्याचा उपचारही सांगितला आहे.

हे सगळं गावात आशाताईंनी सांगावं म्हटलं, तर त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात हे कशाला, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. म्हणून हे काम त्यांच्या माथी मारू नये. ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयानेच घरी सोडताना मोठ्या अक्षरांत मराठी कागद द्यावा, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर त्यावर लिहावा आणि तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करावा. लक्ष ठेवायचं ते या दहा दिवसांपुरतंच नाही, कारण पुढे काही महिन्यांनी लघवीचं तोंड अरुंद होऊन धार बारीक किंवा वाकडी पडू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळांत तपासणी करतात. ऑपरेशन झालेल्या मुलाला बाजूला घेऊन, ‘धार सरळ पडते का, जोर करावा लागतो का?’ एवढं त्यांनी विचारलं, तर हा दोष वेळेत सापडेल.