घाटाचा राजा



परवा मधल्या सुट्टीत शाळेच्या सायकल स्टँडजवळ मोठा गलका ऐकू आला. मारामारी झाली की काय, असे वाटून मी तिकडे धावलो. पाहतो तर नववीची मुले दोन गटांत उभी राहून तावातावाने वाद घालत होती. वाद कशावरून? तादेय पोगाचार या स्लोव्हेनिया देशाच्या सायकलपटूवरून!

"सर, असा सायकलपटू जगात झाला नाही," एक गट म्हणाला.

"सर, माणूस इतका वेगाने चढ चढूच शकत नाही. तो नक्कीच काहीतरी घेत असणार," दुसरा गट म्हणाला.

तेवढ्यात घंटा झाली आणि वाद अर्धवट राहिला. त्या मुलांना जे सांगायचे होते, तेच आज तुम्हां सर्वांना सांगतो.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा भागांतून सायकलपटू धावले आणि न्यूझीलंडचा ल्यूक मजवे विजेता ठरला. ही शर्यत टप्प्यांची होती. अशा शर्यतीत रोज एक टप्पा पार करायचा असतो. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मोजून त्याची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. जुन्नर-आंबेगावचे रस्ते या शर्यतीच्या वाट्याला आले नाहीत. पण तेव्हापासून आमच्या मुलांना सायकल शर्यतींचे वेड लागले आहे. फोनवर ती फ्रान्समधल्या शर्यतीची दृश्ये पाहतात. 'टूर द फ्रान्स' ही अशा शर्यतींमधली सर्वांत मोठी. २०२५ साली तिचे एकवीस टप्पे होते आणि अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त होते. पोगाचारने ती चौथ्यांदा जिंकली. त्या वर्षी ओताकाम नावाच्या चढावर त्याने डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डला दोन मिनिटे दहा सेकंदांनी मागे टाकले. त्याच्या आदल्याच दिवशी तो सायकलवरून पडला होता!

खरे तर असा वाद आपल्या भागाला नवा नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत गावच्या जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होतात. आपल्याकडे घाटात एकावेळी एकच गाडा सोडतात आणि त्याचा वेळ घड्याळावर मोजतात. सेकंदाच्या लहानशा भागाने निकाल फिरतो. सर्वांत कमी वेळात वर पोहोचणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो. गंमत अशी, की मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यालाही 'घाटाचा राजा' असेच म्हणतात. एकच गाडा चार जत्रांत पहिला आला, की पाचव्या जत्रेत कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, "घड्याळात गडबड आहे." कोणी म्हणतो, "बैलांना काहीतरी पाजले आहे." आणि त्या गाड्याचे चाहते एक शब्दही ऐकून घ्यायला तयार नसतात.

यात चूक कोणाची? माझ्या मते, दोघांचीही.

'शर्यत' हा शब्दच पाहा. उर्दूत आपण 'शर्त' म्हणतो, म्हणजे अट. मराठीतला 'शर्यत' हा शब्द त्याच घराण्यातला आहे. काही अटी मान्य करून केलेली धाव, ती शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली, ती अटी घालूनच. बैलाला चाबूक किंवा काठी मारायची नाही, ही त्यांतली एक अट. अट मोडून पहिला आलेला गाडा घाटाचा राजा होऊ शकत नाही. म्हणून जिंकणाऱ्याने अटी पाळल्या का, हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे. तो प्रत्येक प्रेक्षकाचा हक्क आहे.

आंधळे कौतुक किती महागात पडते, याचे उदाहरण सायकलीच्याच जगात आहे. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून बरा झाला आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर द फ्रान्स जिंकला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. जे पत्रकार त्याला प्रश्न विचारत, त्यांना चाहते शत्रू समजत. आर्मस्ट्राँग म्हणे, "माझ्या इतक्या चाचण्या झाल्या, मी कुठे दोषी ठरलो?" पण २०१२ साली त्याच्या जुन्या साथीदारांनी साक्षी दिल्या आणि त्याने बंदी असलेली औषधे घेतल्याचे उघड झाले. त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतः दूरदर्शनच्या पडद्यावर कबुली दिली. ज्यांनी त्याच्यासाठी भांडणे केली, त्या चाहत्यांना काय वाटले असेल, याचा विचार करा.

"मग सर, आमचेच म्हणणे खरे ठरले!" दुसरा गट म्हणेल. थांबा. आर्मस्ट्राँग दोषी होता, म्हणून पोगाचारही दोषी, हे कोणत्या न्यायाचे? एका चोराने पांढरा सदरा घातला होता, म्हणून पांढऱ्या सदऱ्यातला प्रत्येक माणूस चोर ठरत नाही.

संशय घेणाऱ्यांकडे एक आकडा असतो. फ्रान्समध्ये प्लातो द बेय नावाचा सुमारे सोळा किलोमीटरांचा चढ आहे. १९९८ साली इटलीच्या मार्को पान्तानीने तो त्रेचाळीस मिनिटांच्या वर वेळ घेऊन चढला होता. २०२४ साली पोगाचार तोच चढ चाळीस मिनिटांच्या आत चढला. पान्तानीचा काळ औषधांनी बदनाम झालेला होता. १९९९ साली खुद्द पान्तानीलाच रक्ताच्या तपासणीनंतर इटलीच्या शर्यतीतून बाहेर काढले होते. मग पोगाचार त्याच्याहून तीन मिनिटांनी पुढे कसा? प्रश्न रास्त आहे. पण प्रश्न विचारला, की उत्तर शोधण्याची मेहनतही घ्यावी लागते.

मंचरहून नारायणगावकडे सायकलने जाताना समोरून वारा आला, तर तुम्ही काय करता? मित्राच्या मागे सायकल लावता. वारा तो कापतो आणि तुमचे श्रम वाचतात. मोठ्या शर्यतींत हेच शास्त्र झाले आहे. वारा कमी अडावा म्हणून सायकली, टोप आणि कपडेही तसे बनवतात. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरकडे चढ लागला, की वाऱ्यापेक्षा स्वतःचे वजन जास्त जाणवते. तेथे हलकी सायकल आणि पायांतली ताकद कामाला येते. दोन-तीन तास सायकल मारल्यावर अंगातले त्राण जाते. पूर्वीचे सायकलपटू वाटेत जेवढी साखर घेत, त्याहून कितीतरी जास्त साखर आजचे सायकलपटू दर तासाला पचवायला शिकले आहेत. उंच डोंगरांवर राहून ते सराव करतात. त्यांचे साथीदार चढाच्या पायथ्यापर्यंत त्यांना वाऱ्यापासून जपून आणतात. २००८ पासून प्रत्येक मोठ्या सायकलपटूच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. त्यात अचानक फरक पडला, तर चौकशी होते. १९९० च्या दशकात ही सोय नव्हती.

एवढ्याने पोगाचार निर्दोष ठरतो का? नाही. पण 'माणसाला हे शक्यच नाही' हे वाक्य मात्र कमजोर ठरते. शिवाय हाच पोगाचार २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे विंगेगार्डकडून हरला. २०२३ साली एका चढावर तो इतका थकला, की एका दिवसात पाच मिनिटांहून जास्त मागे पडला. मग माझे उत्तर काय? २०२५ च्या त्याच्या चौथ्या विजयापर्यंत त्याच्याविरुद्ध काही शाबीत झालेले नाही. म्हणून मी त्याला दोषी म्हणणार नाही. तपासणारे तपासत राहोत. उद्या पुरावा आला, तर मी माझे मत बदलेन. हे उत्तर ऐकून टाळ्या मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, कुठला तो फ्रान्स आणि कुठला तो पोगाचार! आपल्याला काय त्याचे? तर ऐका. ही माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका शाळेत गणित शिकवत होतो. वर्गात एक मुलगी होती. पन्नासपैकी पंधरा-सोळा गुण तिला मिळत. एका परीक्षेत तिला सत्तेचाळीस मिळाले. मी सगळ्या वर्गासमोर तिला उभे केले आणि विचारले, "कोणाची वही पाहिलीस?" ती काही बोलली नाही. फळ्याजवळ गेली, खडू घेतला आणि पेपरातले सर्वांत अवघड उदाहरण तिने सोडवून दाखवले. नंतर मला कळले, की दिवसा ती आईबरोबर टोमॅटोच्या तोडणीला जात होती आणि रात्री थोरल्या बहिणीकडून गणित शिकत होती. मी तिला शाबासकी दिली. पण त्या वर्षात तिने वर्गात पुन्हा कधी हात वर केला नाही.

मला शंका आली, हा माझा गुन्हा नव्हता. सगळ्या वर्गाला आणखी दोन उदाहरणे घातली असती, तर माझी शंका फिटली असती आणि कोणाचे मनही दुखावले नसते. मी आधी आरोप केला आणि मग पुरावा पाहिला. क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत त्या मुलीने मोजली. पोगाचारला तुमच्या-माझ्या बोलण्याने काही फरक पडत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मात्र पडतो.

म्हणून मुलांनो, वाद जरूर घाला. पण कोणी वारंवार जिंकू लागला, की स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्याने अटी मोडल्याचा पुरावा माझ्याजवळ आहे का? त्याच्या यशाचे दुसरे काही कारण असू शकते का, ते मी शोधले का? आणि हाच विजय माझ्या आवडत्या खेळाडूने मिळवला असता, तर मी हेच बोललो असतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. सायकल स्टँडजवळच्या दोन्ही गटांना मी उद्या तोच प्रश्न आधी विचारणार आहे.